अर्ध्या पिंपाचा चोर

१

मालक बाबुलालशेठनी आदल्या दिवशी सांगितल्याप्रमाणे बुधवारी सकाळी देवानंद स्टोअरकीपरने इंजिनऑइलच्या पिंपात लोखंडी पट्टी बुडवली. ती वर आली तेव्हा बरीचशी कोरडीच होती. त्याने पट्टी पुसली, पुन्हा बुडवली, आणि मग शेठला हाक मारायला गेला. बावीस गॅलन ऑइल कमी होतं. जवळजवळ अर्धं पिंप.

एकोणीसशे एकसष्ट साल होतं. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या पेटल्या होत्या, निम्मे सेक्टर अजून बांधून व्हायचे होते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत लाल धूळ बसायची. जी. ई. रोडवर गोंदियाच्या बाबुलालशेठचं मोटारींचं दुकान होतं. पुढे काचेमागे एक नवी कोरी गाडी, मागे टिनाच्या छपराखाली वर्कशॉप. दुकानाचं नाव झालं होतं ते मात्र विकायच्या गाड्यांमुळे नव्हे, भिंतीवरच्या एका फळ्यामुळे. त्या काळी मिस्त्री गिऱ्हाइकाचे बूट पाहून मजुरी सांगत. इथे फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असे: धुलाई इतके, ग्रीस इतके, ऑइलबदल इतके. साहेब असो की कंत्राटदार, दर एकच. हे दर मॅनेजर जानरावांनी ठरवले होते आणि अख्ख्या भिलाईत त्यांचा मान होता तो त्यासाठी.

शेठनी दोघांना खड्ड्यापाशी उभं केलं. गाडीखाली उतरून काम करण्याचा हा खड्डा. त्याच्या भोवती सगळे कामगार जमले. ऑइलला हात लावणारे हे दोघेच, देवानंद आणि हेडमिस्त्री आनंदराव. गाडीवही कपाटातून आणा, म्हणजे कोणती गाडी कधी आली ते पाहू, असं शेठ म्हणाले. कपाट उघडलं. वही नव्हती.

"वही गेली, ऑइल गेलं," शेठ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आनंदराव, खड्ड्यात तूच उतरतो. चोर शोधायला मले लांब जायाची गरज नाही."

टेबलापाशी टाईप करत बसलेली आनंदरावची बहीण कांता उठून उभी राहिली.

२

कांता तेवीस वर्षांची होती. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून मॅट्रिक होऊन आलेली, दुकानात कामाच्या चिठ्ठ्या आणि पत्रं लिहायची. छप्पन साली आईबापांसोबत नागपुरास जाऊन या भावाबहिणींनी दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून मान खाली घालायची सवय घरात कुणाला उरली नव्हती.

शेठनी तिच्या देखत भावासमोर दोन वाटा ठेवल्या. शनिवारपर्यंत कबुली लिहून द्यावी आणि मुकाट्याने निघून जावं. नाहीतर पोलीस.

शनिवारच का, ते कांताला ठाऊक होतं. सोमवारी आनंदरावला कारखान्याच्या मोटर विभागात कागद घेऊन बोलावलं होतं. बाकी सगळे कागद तयार होते. राहिला होता मालकाचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला. तो मिळाला तर पक्की नोकरी, सेक्टर सहामध्ये क्वार्टर, आणि मजुरांच्या कॅम्पातल्या झोपडीत खोकत पडलेल्या आईच्या डोक्यावर खरं छप्पर. नाही मिळाला तर जन्मभर चोराचा शिक्का.

आनंदराव कमी बोलणारा माणूस. तो एवढंच म्हणाला की जेवढ्या गाड्या आल्या तेवढ्यांत ऑइल टाकलं. किती आल्या, हे त्याने मोजलं नव्हतं. ते वहीत होतं.

"सही करून टाक ना बाबू," देवानंद हळूच म्हणाला. "गोष्ट वाढवून काय भेटते? तुमच्या लोकायवर पोलीस लवकर विश्वास ठेवत नाहीत."

"आमच्या लोकायले सही कशावर करायची ते कळते," कांता म्हणाली. "दादा, चाल. खड्ड्यात गाडी उभी आहे, थे पूर्ण कर. सही कोणी करत नाई."

३

डब्याच्या सुट्टीत ती एकटी बसून विचार करत होती. एक गोष्ट तिला खटकत होती. ऑइल चोरणाऱ्याने गाडीवही का न्यावी?

गाडीवहीत ऑइलचं नावही नव्हतं. तारीख, गाडीचा नंबर, मीटरचा आकडा, एवढंच त्यात असे. ऑइलचा चोर स्टोअरचं रजिस्टर गायब करील. ते तर जागेवर होतं. म्हणजे ज्याने वही नेली त्याला ऑइलची भीती नव्हती. त्याला तारखांची किंवा मीटरची भीती होती.

ती देवानंदकडे गेली. सकाळी आपणच मारलेल्या टोमण्यामुळे तो जरा ओशाळला होता, म्हणून सरळ बोलला. फळ्यावरच्या दराने येणाऱ्या गाडीला चिठ्ठी बनते, चिठ्ठी पाहून तो ऑइल देतो. पण दुकानाकडे काही गाड्या महिन्याच्या ठरीव दराच्या होत्या, आणि त्यांतल्या सहा परदेशी. कारखान्यातल्या रशियन तज्ज्ञांना फिरवणाऱ्या, रशियाहूनच आलेल्या जीपसारख्या उंच गाड्या. त्यांचा दर जानरावांनी पाच महिन्यांपूर्वी महिन्याकाठी गाडीमागे अठ्ठावीस रुपये असा एकदाच बांधून दिला होता. त्यात ऑइलबदल, ग्रीस, प्लग, धुलाई सगळं आलं. बिल बनायचं नाही म्हणून चिठ्ठीही बनायची नाही. गाडी खड्ड्यावर दिसली की देवानंद सव्वा गॅलन मोजून द्यायचा आणि महिनाअखेरीस रजिस्टरात लिहायचा: सहा गाड्या, सहा वेळा.

"सहाच वेळा आल्या हे तुले कसं माहीत?"

देवानंदने रजिस्टरावर बोट ठेवलं. "जानरावसाहेबानंच सांगतलं होतं. महिन्याला गाडी हजार मैल चालते, हजार मैलाले ऑइल बदलते. मंग एकदाच येईल ना?"

फाटकावर चिंधू चौकीदार होता, कॅम्पातलाच. आनंदराव बाहेर जाताना हातात डब्याशिवाय काही पाहिलं का, असं तिने विचारलं. चिंधू हसला. बावीस गॅलन ऑइल डब्यातून न्यायला आनंदरावला म्हातारपण येईल, असं त्याचं मत होतं. मग तो आपल्या नेहमीच्या गप्पांवर आला. फाटक उघडून उघडून त्याचे खांदे दुखत होते आणि त्याचा राग त्या रशियन गाड्यांवर होता.

"त्यायचं मायेर आहे का इथं?" चिंधू म्हणाला. "वीस दिवस झाले नाई की पुन्हा फाटकात भोंगा वाजवते."

वीस दिवस. कांता परत निघाली होती, ती तिथेच थांबली.

४

गुरुवारी दुपारी सेक्टर दहाच्या झाडाखाली एक रशियन गाडी उभी असलेली तिला सापडली. ड्रायव्हर सुखराम छत्तीसगढ़ी माणूस, मोठ्या मिशांचा. साहेब आत जेवत होते. कांताने बॉनेट उघडून दाखव म्हणून सांगितलं.

आनंदरावची एक सवय होती. वही कपाटात राहते, गाडी रस्त्यावर राहते, म्हणून ऑइल बदललं की तो बॉनेटच्या आतल्या बाजूला पिवळ्या रंगाने मीटरचा आकडा लिहून ठेवायचा. इतर कुठलाच मिस्त्री हे करत नव्हता, आणि जानरावांना हे माहीतही नव्हतं. त्यांनी कधी स्वतःच्या हाताने बॉनेट उघडलं नव्हतं. आत आठ आकडे एकाखाली एक होते. तेरा हजारापासून वीस हजारापर्यंत, दर हजाराला एक.

पाच महिन्यांत आठ. म्हणजे आनंदराव खरं बोलत होता. पण कांताचा आनंद फार वेळ टिकला नाही. आकडे भावानेच लिहिलेले. जानराव म्हणतील की खोटे लिहिले. तिने आत वाकून मीटर पाहिलं. वीस हजार तीनशे. मीटर तर खोटं बोलत नव्हतं.

मग गाडी इतकी फिरते कुठे, असं तिने सुखरामला विचारलं. सुखरामला प्रश्नच कळेना. सकाळी कारखाना, दुपारी जेवायला घर, परत कारखाना, आठवड्यातून एकदा दुर्ग. दिवसाला तीसपस्तीस मैलांच्या वर गाडी कधी गेली नव्हती, आणि हे तो देवाची शपथ घेऊन सांगायला तयार होता.

तीसपस्तीस मैल म्हणजे महिन्याला हजार. जानरावांचा हिशोब बरोबर होता. मीटर बरोबर होतं. सुखराम खरं बोलत होता, भाऊ खरं बोलत होता. आणि हे सगळं एकाच वेळी खरं असणं शक्य नव्हतं.

"तुझा साहेब किती वेळ जेवते?" कांताने विचारलं.

"एक घंटा. फिर सुतथे," सुखराम म्हणाला. जेवण झालं की साहेब झोपायचे.

"मंग मले दुर्गच्या रस्त्यानं घेऊन चाल."

५

बाई माणूस साहेबाच्या गाडीत बसलेलं कुणी पाहिलं तर आपली नोकरी जाईल, हे सुखरामने तिला रस्ताभर ऐकवलं. कांताचं लक्ष नव्हतं. ती पुढच्या सीटवर बसून एकदा रस्त्याच्या कडेचे मैलाचे दगड पाहत होती आणि एकदा मीटर.

पहिला दगड गेला तेव्हा तिने मीटरचे शेवटचे आकडे हातावर पेनने लिहिले. दुसरा, तिसरा, चौथा. पाच मैल पूर्ण करणाऱ्या दगडापाशी तिने गाडी थांबवायला लावली. मीटर आठने पुढे गेलं होतं.

तिला वाटलं आपणच चुकलो. गाडी उलटी फिरवून त्याच दगडापर्यंत परत यायला तिने सांगितलं. पुन्हा पाच दगड. पुन्हा आठ.

"रूसी गाड़ी ए बाई," सुखराम मिशीवर हात फिरवत म्हणाला. "जादा भागथे."

कांता त्याच्याकडे पाहून खूप दिवसांनी हसली. नवे पैसे आले तशी नवी मापंही येणार म्हणून सरकारने कोष्टकं वाटली होती, आणि त्यातलं एक तिने चिठ्ठ्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. या देशातल्या गाड्यांची मीटरं मैल मोजत होती. या सहा गाड्या जिथून आल्या तिथे मैल नव्हताच. ड्रायव्हर हजार दिसले की गाडी आणायचा, भाऊ हजार दिसले की ऑइल बदलायचा, आणि ते हजार मैल नसून सहाशे पंचवीस मैलच असायचे.

सहा गाड्या, पाच महिने. तीसऐवजी अठ्ठेचाळीस वेळा. अठरा जास्तीच्या खेपा, प्रत्येक खेपेला सव्वा गॅलन. तिने मनातल्या मनात गुणाकार केला. साडेबावीस.

ऑइल कुणी चोरलंच नव्हतं. ते त्याच सहा गाड्यांच्या इंजिनांत गेलं होतं.

पण वही? वही आपल्या पायांनी कपाटाबाहेर गेली नव्हती. ज्याने ती नेली त्याला हे सगळं आधीच कळलं होतं. आणि ते कुणाला कळलं होतं, हे कांताने गेल्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने टाईप केलं होतं. तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नव्हता.

६

शनिवारी सकाळी शेठच्या खोलीत कबुलीचा कागद तयार होता. शेठ होते, जानराव होते. जानराव पन्नाशीचे, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. आनंदराव दारात उभा राहिला. कांता बोलावल्याशिवाय आत आली आणि तिने टेबलावर दुसराच एक कागद ठेवला.

तो पुढच्या वर्षाचा नवा दरतक्ता होता. जानरावांनी लिहून दिलेला, तिने टाईप केलेला.

"शेठ, हे वाचा," ती म्हणाली. "ठरीव दराच्या आपल्या इकडच्या गाड्या. सव्वीस होते, सत्तावीस केले. एक रुपया वाढला. आता खाली पाहा. रशियन गाड्या, अठ्ठावीस होते. पंचेचाळीस केले."

शेठनी चष्मा लावला. रशियन गाड्यांचे सुटे भाग महाग असतात असं जानरावांनी आपल्याला सांगितल्याचं ते म्हणाले.

यात सुटे भाग येतच नाहीत, असं कांताने दाखवून दिलं. ऑइल, ग्रीस, प्लग, धुलाई. ऑइल त्याच पिंपातलं, ग्रीस त्याच डब्यातलं, पाणी त्याच नळाचं. मग फक्त सहाच गाड्यांना दर दीडपटीहून जास्त का? तिने हातावरून कागदावर उतरवलेले आकडे दाखवले, बॉनेटमधले आठ आकडे सांगितले, मैलाचे दगड सांगितले. वाटलं तर शेठनी आत्ता सुखरामच्या गाडीत बसून मोजून यावं, असंही ती म्हणाली. पाच मैलाला आठ. अठ्ठाविसाला पंचेचाळीस. ज्याने हा दर लावला त्याला हे माप माहीत होतं. दर लावला तेव्हा ऑइल मोजायची पट्टी अजून पिंपात बुडाली नव्हती.

शेठनी दोन्ही आकडे बोटाने पुन्हा ताडून पाहिले. बाहेर कुणीतरी चाकाचे नट सोडवत होतं.

"साहेब, वही कुठी आहे?" कांताने विचारलं.

वही आपल्या घरी आहे, असं जानराव म्हणाले. चौथ्या महिन्यात वही चाळताना त्यांना चूक कळली. नव्या वर्षात दर वाढवून ती गुपचूप भरून काढू, असं त्यांनी ठरवलं होतं. शेठ मध्येच पिंप मोजायला लावतील हे त्यांच्या ध्यानात नव्हतं, म्हणून मोजायचं ठरलं त्याच संध्याकाळी त्यांनी वही घरी नेली.

"गोंदियापासून धरून सतरा वर्षांत माझा दर चुकला नव्हता," ते म्हणाले. "लोक फळा वाचायले येतात. मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"म्हणून माया भावाचं तोंड काळं केलं?"

"मले वाटलं तो गरीब माणूस, सोडून जाईल. बोलणार नाही."

"तो बोलत नाई," कांता म्हणाली. "मी बोलतो."

७

शेठ व्यवहारी होते. त्यांनी लगेच कबुलीचा कागद फाडला आणि दोघांनाही महिन्याला दहा रुपये वाढ देऊ केली. झालं ते या चार भिंतींत राहावं. गिऱ्हाइकांना कळलं तर फळ्यावर कोण विश्वास ठेवील? दाखलाही ते आत्ताच देत होते. त्यांनी नेहमीच्या कागदावर एक ओळ लिहिली: वर्तणूक समाधानकारक.

कांताने तो वाचला आणि परत त्यांच्यापुढे सरकवला.

"बुधवारी खड्ड्यापाशी चाळीस माणसायसमोर चोर म्हटलं. एका ओळीत थे पुसत नाई शेठ. आणि चार भिंतींत तर अजिबात नाई."

शेठचा चेहरा लाल झाला. दुकान कुणाचं आहे याची त्यांनी तिला आठवण करून दिली. ते तिला ठाऊक होतं, असं ती म्हणाली, म्हणूनच दुकानाच्या मालकाने हे बोलायला हवं होतं. दुसऱ्या कुणी बोलून भागणार नव्हतं. ती नोकरीवरून काढली गेली तरी चालेल. पण मग ती समोरच्या चहाच्या टपरीवर बसणार आणि फळा वाचायला येणाऱ्या प्रत्येकाला पाच दगडांची गोष्ट सांगणार.

आनंदराव दारातून पहिल्यांदाच पुढे आला. बहिणीला तो थांबवील अशी शेठना आशा होती.

"चला शेठ," तो म्हणाला. "माणसं बाहेरच आहेत."

खड्ड्याभोवती पुन्हा सगळे जमले. देवानंद, चिंधू, धुलाईवाल्या, मिस्त्री. जानराव घरून वही घेऊन आले होते. त्यांनी स्वतः ती उघडून सहा गाड्यांच्या अठ्ठेचाळीस खेपा वाचल्या. एकही ओळ त्यांनी गाळली नाही, आणि दर लावण्यात चूक आपली होती असं शेवटी आपणहून म्हणाले. कांताला त्या क्षणी त्यांच्याबद्दल थोडं वाईट वाटलं. थोडंच.

मग शेठ बोलले. आनंदरावनं चोरी केली नाही, असं ते जमिनीकडे पाहून म्हणाले.

"शेठ," आनंदराव शांतपणे म्हणाला, "बुधवारी यापेक्षा मोठ्यानं बोलले होते तुमी."

बाबुलालशेठनी घसा साफ केला, मान वर केली आणि पार फाटकापर्यंत पोचेल अशा आवाजात तेच वाक्य पुन्हा म्हटलं. कांता तोवर टाईपरायटरवर जाऊन बसली होती.

सोमवारी कारखान्याच्या भरती कार्यालयापुढे रांग होती. सगळ्यांच्या हातात दोनतीन ओळींचे दाखले. आनंदरावचा दाखला पानभर होता. ऑइल किती कमी आलं, आळ कुणावर घेतला, खरं काय निघालं, चूक कुणाची होती आणि हे कुणाकुणासमोर मान्य केलं, सगळं ओळीने, खाली शेठची सही आणि दुकानाचा शिक्का.

खिडकीतल्या बाबूने तो पूर्ण वाचला. मग परत वरून वाचला. बाहेर पिंपळाखाली कांता उभी होती. तिला त्याचे फक्त हलणारे ओठ दिसत होते.

"इतना सब किसलिए लिखवाया?" बाबूने विचारलं. "दो लाइन में काम हो जाता."

"जेवढं झालं तेवढंच लिवलं आहे साहेब," आनंदराव म्हणाला. "कमी करता येत नाई."

बाबूने त्याच्याकडे पाहिलं, दाखला फायलीत सगळ्यांत वर ठेवला आणि शिक्का मारून पुढच्या खिडकीकडे बोट दाखवलं.